ऐवज आणि आयुष्य

घरफोडीची बातमी वृत्तपत्राच्या वाचकाला नवी नाही. ‘कडीकोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी अमुक तोळे सोने व तमुक रुपये रोख असा ऐवज लांबविला’ हे वाक्य इतक्या वेळा छापले जाते की त्यातील तोळे आणि रुपये एवढेच काय ते बदलत असावेत असे वाटते. परंतु या ठराविक मजकुरात अधूनमधून आणखी एका वाक्याची भर पडते. ‘घरातील व्यक्तीने प्रतिकार केला असता’ अशी त्याची सुरुवात असते आणि त्याचा शेवट रुग्णालयात किंवा स्मशानात होतो. दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीच्या धैर्याचे गोडवे गायिले जातात, दैवाने ती बचावली असेल तर तिचा सत्कार होतो, आणि चार भिंतींच्या आड बसून बातमी वाचणाऱ्या प्रत्येक गृहस्थाच्या मनात एक समजूत पक्की होते. आपल्या घरात चोर शिरला तर आपणही असेच त्याच्या अंगावर धावून गेले पाहिजे. नाही गेलो तर आपण भेकड ठरलो.

ही समजूत घातक आहे, असे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. धैर्याविषयी अनादर व्यक्त करण्याचा हेतू मुळीच नाही. परंतु मध्यरात्री अर्धवट झोपेत, अनवाणी, चष्म्यावाचून, हातात फार तर केरसुणीचा दांडा घेऊन उभा असलेला शिक्षक किंवा कारकून आणि समोर हातात कटावणी असलेला, पळून जाण्यास उतावीळ झालेला मनुष्य ही बरोबरीची झुंज नव्हे. अशा वेळी घरातील सर्व माणसे सकाळी धडधाकट असणे हाच विजय. आणि हा विजय मिळेल की नाही हे बहुतांशी त्या रात्री ठरत नाही. ते त्यापूर्वीच, दिवसाउजेडी, घराच्या दाराशी, बँकेच्या तिजोरीत आणि शेजाऱ्याच्या ओसरीवर ठरलेले असते.

चोर आणि दरोडेखोर

घरात शिरणारा प्रत्येक मनुष्य एकाच जातकुळीचा नसतो. बंद घर हेरून कुलूप तोडणारा चोर माणसांना टाळू पाहतो. त्याला ऐवज हवा असतो आणि त्याहूनही अधिक, कोणी पाहण्यापूर्वी निसटावयाचे असते. घरात कोणी नाही अशा समजुतीने तो शिरला आणि आतून खोकल्याचा आवाज आला, तर त्याची पहिली प्रवृत्ती आल्या वाटेने परत जाण्याचीच असते. दुसरा प्रकार माणसे घरात आहेत हे ठाऊक असून, शस्त्र दाखवून ऐवज नेणाऱ्यांचा. तिसरा, सुदैवाने सर्वांत विरळ, माणसे मारण्याचे आधीच ठरवून येणाऱ्यांचा.

पहिल्या प्रकाराचे रूपांतर दुसऱ्यात कसे होते याचे वर्णन खुद्द कायद्याने करून ठेवले आहे. चोरी करताना किंवा चोरीचा माल घेऊन जाताना चोराने कोणास इजा केली, अडवून धरले किंवा तत्काळ इजा होईल अशी धास्ती घातली, तर ती चोरी राहत नाही, जबरी चोरी होते. आणि असे करणारे पाच किंवा अधिक असतील तर तो दरोडा. म्हणजेच साधी चोरी आणि जबरी चोरी यांत कित्येकदा अर्ध्या मिनिटाचेच अंतर असते. आणि ते अर्धे मिनिट पुष्कळदा त्या मनुष्याची पळवाट कोणी रोखली की नाही, यावर अवलंबून असते. दारात उभा राहून ‘आता कोठे जातोस ते पाहतो’ असे म्हणणारा यजमान, त्याची इच्छा नसतानाही, भुरट्या चोराला हल्लेखोर बनवीत असतो. कोंडलेली मांजरही डोळ्यांवर झेप घेते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. तिच्या नातवंडांनी ते विसरण्याचे कारण नाही.

त्या पाच मिनिटांत

तेव्हा करावयाचे काय? प्रथम, बाहेरून घरी परतल्यावर कुलूप तुटलेले किंवा दार किलकिले दिसले तर आत जाऊ नये. चोर अजून आत असू शकतो. शेजाऱ्याच्या घरी जावे, तेथून पोलिसांस कळवावे आणि ते येईपर्यंत बाहेरच थांबावे. ‘काय काय गेले ते पाहू या’ ही उत्सुकता स्वाभाविक असली तरी तेवढा वेळ तिला आवर घालावा.

रात्री आपण घरात असताना स्वयंपाकघरातून संशयास्पद आवाज आला, तर काठी घेऊन अंधारात शोध घेण्यास निघू नये. घरातील सर्वांना एका खोलीत गोळा करावे, दाराला आतून कडी लावावी, शक्य तर पलंग किंवा टेबल दाराशी सरकवावे आणि ११२ हा क्रमांक फिरवावा. पत्ता सांगताना घाईने निम्मा सांगितला जातो. इमारतीचे नाव, मजला, जवळची खूण आणि घरात किती माणसे कोणत्या खोलीत आहेत, एवढे सांगितले म्हणजे येणाऱ्या पोलिसांना अंधारात चाचपडावे लागत नाही. मग दिवा लावून, दाराआडूनच, मोठ्याने बोलावे. पोलिसांना कळविले आहे, शेजारी जागे झाले आहेत, हे चोराच्या कानी पडू द्यावे. आपण त्याला पकडू इच्छीत नसून त्याने निघून जावे एवढीच आपली इच्छा आहे, हे त्याला कळणे उभयपक्षी हिताचे असते.

तो समोरच उभा ठाकला तर त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहू नये. हात दिसतील असे ठेवावेत. चाव्या मागितल्या तर त्या कोठे आहेत हे सांगावे आणि त्या घेण्यासाठी हात पुढे करण्यापूर्वी तसे बोलावे, कारण घाबरलेल्या माणसाला आकस्मिक हालचाल हल्ल्यासारखी वाटते. चेहरा ओळखीचा वाटला तरी ‘तू अमक्याचा ना?’ असे म्हणू नये. ओळखल्याची वार्ता सांगण्याची जागा पोलीस ठाणे ही होय. शस्त्रधारी मनुष्याला ओळख देणे म्हणजे आपल्याला जिवंत न सोडण्याचे कारण त्याच्या हाती देणे. त्याऐवजी त्याची उंची, चाल, बोलण्याची ढब, तो कोणता हात वापरतो आणि कोणत्या वस्तूंना स्पर्श करतो हे मनात टिपून ठेवावे. तो निघाला म्हणजे त्याला जाऊ द्यावे. जिन्यात पाठलाग करून त्याची पिशवी ओढणे हे कृत्य क्षणभर शूरपणाचे दिसेल, परंतु जिन्याच्या त्या वळणावर त्याचे साथीदार उभे नाहीत, याची हमी कोण देणार?

यात एक अपवाद आहे आणि तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. मागणी ऐवजाची नसेल, एखाद्याला बाहेर फरफटत नेले जात असेल, घरच्यांना बांधून ठेवण्याची तयारी दिसत असेल, मुलाबाळांच्या किंवा स्त्रियांच्या अंगाला हात घातला जात असेल, तर मुकाट्याने सोसण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. तेव्हा आरडाओरडा करून, वाट मिळेल तिकडे पळून आणि पळता येत नसेल तर हाताला येईल त्या वस्तूने, सर्वांनी मिळून प्रतिकार करावा. १६ जानेवारी २०२५ च्या पहाटे वांद्रे येथे अभिनेते सैफ अली खान यांच्या घरात मनुष्य शिरला तो त्यांच्या लहान मुलाच्या खोलीत. तेथील परिचारिकेने ओरडा केला आणि ते धावून गेले. त्यांना सहा जखमा झाल्या, एक पाठीच्या कण्यालगत, आणि चाकूचा तुकडा शस्त्रक्रियेने काढावा लागला. मूल धोक्यात असताना बाप धावला, याबद्दल त्यास कोण नावे ठेवील? परंतु या घटनेतून घ्यावयाचा बोध हा की, अनेक मजल्यांची इमारत आणि नोकरचाकर असूनही मनुष्य आत शिरू शकतो, आणि झुंजणाऱ्याचे काय होते ते काही इंचांवर अवलंबून असते. ही किंमत लेकरासाठी मोजावी. पाटल्यांसाठी मोजू नये.

उंबरठ्यावरचा निर्णय

यावर पुण्यातील जुने वाचक एक आक्षेप घेतील आणि तो योग्य आहे. १९७६ चा ऑक्टोबर सरत असता विजयानगर वसाहतीतील जोशी कुटुंबातील तिघांची आणि १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरील बंगल्यात वृद्ध संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह पाच जणांची हत्या झाली. कलामहाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांनी जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात एकूण दहा माणसे मारली. त्यांपैकी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आली. त्या हिवाळ्यात पुण्यात दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत असत. मारावयाचे हे ज्यांनी आधीच ठरविलेले होते, त्यांच्यापुढे ऐवज काढून ठेवल्याने कोणाचाही जीव वाचला नसता. मग आमच्या सल्ल्याला अर्थ काय उरला?

अर्थ असा की अशा वेळी निर्णयाची जागा शयनगृह नसून उंबरठा असते. अभ्यंकरांच्या बंगल्यात मारेकरी भिंत फोडून शिरले नव्हते. त्यांनी घंटा वाजविली आणि दार उघडले गेले. ‘अतिथी देवो भव’ म्हणणाऱ्या संस्कृतीत वाढलेल्या माणसाला दारावरील व्यक्तीला बाहेर ताटकळत ठेवणे असभ्यपणाचे वाटते, आणि हाच आपला सर्वांत मोठा दुबळेपणा ठरतो. दाराला डोळा असावा, बळकट साखळी असावी, बाहेर जाळीचे दुसरे दार असावे, आणि ही तिन्ही साधने असून ती वापरण्याची सवय असावी. टपाल आणणारा, गॅसचे नळकांडे आणणारा, वीजमीटर पाहणारा, पाणी मागणारा अनोळखी मनुष्य, यांपैकी कोणाशीही जाळीआडून बोलल्याने त्याचा अपमान होत नाही. ‘कोण आहे?’ विचारून उत्तराची वाट न पाहता कडी काढणारी घरे आपल्याकडे अद्याप असंख्य आहेत. त्या घरांतून साखळी केवळ शोभेसाठी लोंबत असते.

जाळ्यांविषयी एक सावधगिरी मात्र हवी. चोर बाहेर राहावा म्हणून खिडक्यांना आणि सज्जांना पक्क्या लोखंडी जाळ्या बसविल्या जातात. पण आग लागल्यास त्याच जाळ्या घरच्यांना आत कोंडतात. एका तरी जाळीला आतून उघडणारी झडप असावी, आणि तिची किल्ली घरातील सर्वांस ठाऊक असावी.

कायद्याने दिलेला हक्क

कायद्याची बाजूही नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण तिच्याविषयी दोन परस्परविरोधी गैरसमज प्रचलित आहेत. एक म्हणतो, चोराला बोट लावले तर आपणच तुरुंगात जाऊ. दुसरा म्हणतो, घरात शिरलेल्याला ठार मारले तरी कोणी विचारणार नाही. दोन्ही चूक.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये कायम आहे. स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हा हक्क आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी आणि जबरी चोरी यांच्या बाबतीत, कलम ४१ प्रमाणे, तो हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंतही जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या हक्काची तत्त्वे विस्ताराने मांडली. संकटात सापडलेल्या माणसाने आपल्या प्रतिकाराचे माप काट्यावर तोलून द्यावे अशी अपेक्षा न्यायालय करीत नाही, आणि त्याने पळूनच गेले पाहिजे असेही म्हणत नाही.

परंतु या हक्काला कुंपणही आहे. संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि शासकीय यंत्रणेचे साहाय्य मिळविण्यास अवसर असेल तेथे हा हक्क उरत नाही. रात्रीच्या घरफोडीपुरता बोलावयाचे तर तो मनुष्य घरात आहे तोवर हक्क चालतो. पकडलेल्या, खांबाला बांधलेल्या माणसाला बडविण्याचा हक्क कोणत्याही संहितेत नाही. तो स्वतंत्र गुन्हा होय.

यापुढची गोष्ट कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली नसली तरी तितकीच खरी आहे. हक्क म्हणजे कर्तव्य नव्हे. आपण लढलो तर न्यायालय आपल्या बाजूने उभे राहील, याचा अर्थ आपण लढलेच पाहिजे असा होत नाही. संहिता आपल्याला न्यायालयात वाचवील. त्या रात्री कटावणीपासून ती वाचवू शकणार नाही.

सोन्यासाठी झुंज का?

आता मुळाशी जाऊ. इतके कळूनही माणूस झुंजतो का? केवळ लोभापायी झुंजतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. निश्चित पगारावर संसार करणाऱ्या घरात सोने हा दागिना असतो त्याहून अधिक विमा असतो. मुलीचे लग्न, मुलाच्या शिक्षणाचे शुल्क, अकस्मात आलेले आजारपण, या सर्वांची तरतूद त्या डब्यात असते. २०२५ साली तोळ्याच्या भावाने लाखाची मर्यादा ओलांडली, तेव्हा दहा तोळ्यांचे घर आपोआप दहा लाखांचे झाले आणि तितकेच असुरक्षितही. असा मनुष्य चोरावर धावतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वीस वर्षांची काटकसर असते. त्याला ‘जाऊ द्या हो, जीव वाचला ना’ असे सांगणे सोपे आहे. त्याला तसे म्हणता यावे अशी व्यवस्था आधी करून ठेवणे हे खरे काम.

ही व्यवस्था अशक्य नाही. रोजच्या वापरापुरते अंगावर ठेवून उरलेले बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. हिशेब मांडून पाहावा. भाडे तीन हजार असेल तर भरपाई जास्तीत जास्त तीन लाख. म्हणजे लॉकर हा घरातील डब्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित असला तरी तो विमा नव्हे.

विम्याबाबतही असाच भ्रम आढळतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांनी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित योजना देणे आवश्यक करण्यात आले. ती घेतली म्हणजे चोरीचीही काळजी मिटली असे अनेकांना वाटते. वस्तुतः ती मुख्यत्वे आग, भूकंप, पूर अशा आपत्तींसाठी आहे. अशी आपत्ती घडल्यानंतर सात दिवसांच्या आत आणि तिच्यामुळे झालेली चोरी तेवढी तीत येते. दार फोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते आणि दागिन्यांची स्वतंत्र नोंद करावी लागते. विमापत्र कपाटात ठेवण्यापूर्वी एकदा वाचावे, एवढाच याचा मथितार्थ.

दागिन्यांची छायाचित्रे, सराफाच्या पावत्या आणि वजनांची यादी यांची एक प्रत घराबाहेर, विश्वासू नातलगाकडे असावी. लोखंडी कपाटाची किल्ली त्याच कपाटावर, पाटल्या डाळीच्या डब्यात आणि रोकड साड्यांच्या घडीत, ही आपली गुपिते चोरांना आपल्या मुलांपेक्षा अधिक चांगली ठाऊक असतात. आणि गावाला निघताना सहलीची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून साऱ्या जगास दाखविण्याची जी नवी हौस आली आहे, तिला परत येईपर्यंत मुरड घातली तर आनंदात काही उणे होत नाही.

शेजार आणि जमाव

वाड्यात किंवा चाळीत राहणाऱ्याला चोरापासून मिळणारे सर्वांत मोठे संरक्षण फुकट होते. कोण कोणाकडे आले, किती वेळ थांबले, जाताना हातात काय होते, याची नोंद समोरच्या खोलीतील काकू ठेवीत. त्या चौकशीचा जाच होई हे खरे. परंतु बंद सदनिकेत गेलेल्या आपल्या पिढीने जाच आणि आधार हे दोन्ही एकदमच गमावले. शेजारच्या घराला दिवसभर कुलूप आहे की आत एकटी आजी आहे, हेही आज पुष्कळांना सांगता येणार नाही.

जुन्या काळी ही जबाबदारी साऱ्या गावाची मानलेली होती. पेशवाई बुडाल्यानंतर दख्खनचा कमिशनर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीचे वर्णन केले आहे. चोरी झाली की गावच्या राखणदाराने माग काढावयाचा, तो दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविला म्हणजे जबाबदारी त्या गावावर जावयाची, आणि माग न लागल्यास नुकसान गावाने भरून द्यावयाचे. या पद्धतीत अन्याय होत नसे असे नव्हे. तरी एकाच्या घरी झालेली चोरी ही सर्वांची बाब आहे, हे तत्त्व तीत होते.

मात्र शेजाराचे रूपांतर जमावात होऊ देता कामा नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोर फिरत असल्याच्या अफवांनी धास्तावलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी घेतला. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण हसत हसत वापरीत आलो. ती अशी अक्षरशः खरी होईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ब्रिटिशांनी १८७१ साली केलेल्या कायद्याने काही जमातींच्या माथी जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का समाजाच्या मनातून पुसला गेलेला नाही. वस्तीजवळ पालांचा तळ पडला की चोरीचा संशय प्रथम तेथेच जातो. गस्त घालणाऱ्यांनी एवढेच पथ्य पाळावे, की आपले काम पाहण्याचे, शिट्टी वाजविण्याचे आणि कळविण्याचे आहे. निवाडा करण्याचे नाही.

फिर्याद आणि पंचनामा

चोर गेल्यावरचा पहिला तास बहुधा वाया दवडला जातो. घरातली मंडळी विस्कटलेले कपाट आवरू लागतात, शेजारपाजारचे सांत्वनाला येऊन प्रत्येक वस्तू हाताळून पाहतात, आणि पोलीस येतात तेव्हा बोटांचे ठसे घ्यावयाचे ते यजमानांचेच मिळतात. बोटांच्या ठशांचे कार्यालय १८९७ साली कलकत्त्यास निघाले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढच्याच वर्षी जलपायगुडी जिल्ह्यातील एका चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून होऊन त्याची पेटी फोडली गेली. घरात सापडलेल्या बंगाली पंचांगावर अंगठ्याचा पुसट ठसा होता. तो आधी शिक्षा भोगलेल्या एका जुन्या नोकराच्या नोंदविलेल्या ठशाशी जुळला आणि चोरीचा गुन्हा शाबीत झाला. ते पंचांग कोणी आवरून, पुसून फडताळात ठेवले असते तर? म्हणून पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नये.

फिर्याद नोंदविण्यास टाळाटाळ झाली तर नागरिकाने आपला हक्क माहीत असल्याचे नम्रपणे दाखवावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, ती विद्युत् माध्यमातूनही देता येते, फक्त तीन दिवसांत तीवर सही करावी लागते, आणि नोंदीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ‘हद्द आमची नाही’ हे ठाणे अंमलदाराचे जुने उत्तर आता कायद्याला मान्य नाही. नागरिकांनी चोराशी झुंजू नये असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा दुसरा अर्धा भाग असा, की मग पोलिसांनी वेळेवर आले पाहिजे, गस्त कागदावर न घालता रस्त्यावर घातली पाहिजे, आणि गेलेला ऐवज शोधून दिला पाहिजे. झुंजू नका म्हणणारे शासन माग काढण्यातही उदासीन राहिले, तर लोक झुंजतील आणि मरतील. तो दोष मग मरणाऱ्यांचा म्हणता येणार नाही.

येत्या रविवारी प्रत्येक कुटुंबाने जेवणानंतर पंधरा मिनिटे या विषयासाठी काढावीत. कोणत्या खोलीत गोळा व्हावयाचे, दूरध्वनी कोणी करावयाचा, आजोबांना कोणी उठवावयाचे, किल्ल्या कोठे असाव्यात, शेजाऱ्याला कोणत्या खुणेने जागे करावयाचे, एवढे ठरले तरी पुरे. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी वार्षिक सभेत वाहनतळाच्या भांडणातून थोडा वेळ काढून एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी. आणि वृत्तपत्रांनीही आपली भाषा बदलावी. ‘घरातील मंडळींनी खोलीचे दार आतून लावून घेतले व पोलिसांना कळविले, काही ऐवज गेला, सर्वजण सुखरूप आहेत’ अशी बातमी आली तर तिला मथळा द्यावा, आणि वाचकांनी ती वाचून त्या घराला शाबासकी द्यावी. त्या घराने जे करावयास हवे होते तेच केलेले असते.